नव्या पेशंटची चौकशी: फोन उचलावा की मेसेज मागवावा?

स्वतःची प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा नंबर गुगल मॅप्सवर, डॉक्टरांच्या टेबलावरच्या कार्डांत, सोसायटीच्या ग्रुपवर, कुठंही पोचलेला असतो. अनोळखी फोन येणारच. त्यातला खरा पेशंट कोणता, हे बोलता बोलता ठरवायचं, की दुसरं सिम घेऊन व्हॉट्सॲप बिझनेसवर आधी मेसेज मागवायचा? बडोद्यात होम व्हिजिट करताना मी दोन्ही करून पाहिलंय. फोनवर माणूस ठेवणं हा तिसरा मार्ग, पण एकटीच्या धंद्याला तो परवडत नाही.

फोनची बाजू लंगडी नाही. गुडघा बदललेल्या आजींची मुलगी एका दमात सांगते: कुठला पाय, ऑपरेशन कधी, टाके निघालेत का, वॉकर आहे का. बनावट माणूस इथंच घसरतो. त्याचं ‘आखुं शरीर’ (अख्खं अंग) दुखत असतं, चिठ्ठी कुठल्याच डॉक्टरची नसते आणि लगेच प्रश्न येतो, “बेन, तमे एकलां ज आवशो?” (ताई, तुम्ही एकट्याच येणार?) शिवाय दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतले आजोबा फोनच करणार. त्यांना “मेसेज टाका” म्हटलं की राग येतो, आणि तो मला पटतोही.

तरी माझं मन फोनवरून उडालं ते एकाच गोष्टीनं. ज्याला नुसतं बाईशी बोलायचं असतं, त्याला हवं ते या चौकशीतच मिळून जातं. कंबरदुखी म्हटल्यावर कळ मांडीतून खाली उतरते का, हे विचारावंच लागतं. पलीकडे हसू दाबल्याचं ऐकू आलं की कळतं, आपण कुणाची करमणूक करतोय. फोन कापला तर दुसऱ्या नंबरावरून पुन्हा वाजतो, बहुधा आपण कुणाचा तरी खांदा धरून उभ्या असताना. ट्रूकॉलर थोडी मदत करतं, पण नवं सिम त्यालाही ओळखीचं नसतं. हेही एक वेळ चाललं असतं. पण त्यानंतर येणाऱ्या भल्या माणसाशी मी तुटक बोलायला लागले होते, आणि ते मला सहन होईना.

मेसेजचं काम रुक्ष आहे, तेच बरं. आपोआप जाणारं उत्तर रुग्णाचं वय, त्रास, पत्ता, भेटीच्या वेळी घरी कोण असेल हे विचारतं आणि चिठ्ठीचा किंवा डिस्चार्ज समरीचा फोटो मागतं. टवाळ मंडळी इथंच गळतात. खऱ्या घरांतून फोटो येतो, टायपिंग जमत नसेल तर व्हॉइस मेसेज येतो. कॅनडातला मुलगा इथल्या वडिलांसाठी रात्री अपरात्री लिहितो. तो परदेशी नंबर वाजला असता तर मी उचलला नसता.

पैशांच्या ठगांपुढे मात्र मेसेजचाही फारसा उपयोग नाही. फौजी असल्याची बतावणी करणारे तर ओळखपत्राचा फोटोही हौसेनं पाठवतात, आणि फतेगंजला लष्कराची ईएमई स्कूल ही प्रशिक्षण संस्था असल्यानं बडोदेकराला ते खरंही वाटतं. वडिलांसाठी महिन्याभराचे पैसे आगाऊ देतो म्हणतात आणि आपल्यालाच क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. यूपीआयवर पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. रक्कम गेलीच तर ताबडतोब १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावायचा. नुसता संशय असेल तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सुविधेत तक्रार नोंदवता येते.

मेसेजमुळे काही पेशंट हातचे जातात, हे खरं. स्वतःचं क्लिनिक असेल, आसपास माणसांचा राबता असेल, किंवा तुम्ही पुरुष असाल, तर फोन पुरेसा असेलही. मी त्याविरुद्ध वाद घालणार नाही. पण परक्या घरी एकटीनं जायचं असेल, तर मी तरी मेसेजकडेच झुकेन. मजकूर पटला की मी स्वतः फोन करते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाशीही बोलते. जुन्या पेशंटांकडे आधीचा नंबर आहेच. त्यांच्या शिफारशीनं येणाऱ्या आजोबांना मेसेजची अट नाही.