पौर्णिमेला चालणारं ‘ग्रहण किट’ खग्रासच्या वेळी का फसतं

खग्रास चंद्रग्रहण जवळ आलं की ‘ग्रहण किट’ विकणारे उगवतात. अशाच एका फसवणुकीचा हा हिशोब, पुढच्या माणसाचे पैसे वाचावेत म्हणून. खोक्यात होतं ते असं: हाताने फोकस करायची ४२०–८०० मिमी एफ/८.३–१६ लेन्स (मिमी म्हणजे फोकल लेंग्थ, ती जितकी जास्त तितका चंद्र मोठा; एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), फोकल लेंग्थ दुप्पट करणारा डबलर, ट्रायपॉड, एक ‘ग्रहण फिल्टर’ आणि २५६ जीबी लिहिलेलं मेमरी कार्ड. विकणाऱ्याने याच लेन्सने काढलेले पौर्णिमेच्या चंद्राचे फोटो दाखवले. ते फोटो खरे होते. लोक फसतात ते त्यामुळेच.

पूर्ण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक. त्याला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ आणि १/१०० सेकंदाचं शटर पुरतं. आता किटचं गणित बघा. डबलर लावला की ८०० चे १६०० मिमी होतात, पण एफ/१६ चं एफ/३२ होतं. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो, दुसरा कुठेच नसतो. सेन्सरवर चंद्र किती मोठा पडेल हे फोकल लेंग्थला ११० ने भागून कळतं. म्हणजे १६०० मिमीला साडेचौदा मिमीचा चंद्र, बघताक्षणी मोहात पाडेल असा. एफ/३२ ला पौर्णिमेचा चंद्र टिपायला आयएसओ ८०० केला की १/१०० सेकंदात काम होतं, म्हणून विकणाऱ्याचं प्रात्यक्षिक व्यवस्थित पार पडतं.

खग्रासमध्ये चंद्राचा प्रकाश किमान दहा स्टॉप पडतो, बऱ्याचदा त्याहून जास्त. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, दहा स्टॉप म्हणजे हजारपट कमी. त्याच आयएसओ ८०० वर १/१०० सेकंदाचे सरळ दहा सेकंद होतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, म्हणजे दहा सेकंदांत १५० विकला, त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या बाराव्या हिश्श्याएवढा. सेन्सरवर ही सरक मिलिमीटरहून जास्त भरते. फोटोत लालसर, फुगलेला बटाटा येतो. आयएसओ ६४०० केला तरी सव्वा सेकंद लागतो आणि कडा फाटलेलीच राहते.

याउलट साधी ३०० मिमी एफ/४ लेन्स घ्या. चंद्र जेमतेम पावणेतीन मिमीचा पडतो, पण एफ/३२ पेक्षा ६४ पट प्रकाश मिळतो. दहा सेकंदांचं काम १/६ सेकंदात होतं, आणि तेवढ्यात चंद्र अडीच विकला सरकतो. चार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पिक्सेलवर ही सरक एका पिक्सेलच्या आत बसते. हा छोटा चंद्र कापून मोठा केला तरी किटवाल्या मोठ्या चंद्रापेक्षा नितळ दिसतो. शिवाय एफ/३२ ला विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रकाशाचा ठिपकाच सुमारे ४३ मायक्रॉन रुंद पडतो, त्यामुळे ट्रॅकरवर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर) बसवूनही बारकावे येत नाहीत. म्हणून ‘किती मिमी’ विचारण्याआधी ‘शेवटी एफ किती’ हे विचारा.

फोकसचाही घोळ आहे. या लेन्सना कॅमेऱ्याशी बोलणारे संपर्क नसतात. ‘लेन्स नसताना शटर’ ही सेटिंग चालू केल्याशिवाय बरेच कॅमेरे क्लिकच करत नाहीत. फोकसची रिंग अनंताच्या खुणेपुढेही फिरते, आणि एफ/३२ च्या काळोख्या लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) लाल चंद्र दिसतच नाही. फोकस खंडग्रास चालू असतानाच उजळ कडेवर लावून रिंग चिकटपट्टीने बांधून ठेवावी लागते.

फिल्टरबद्दल कळकळीने सांगायचं आहे. चंद्रग्रहणाला कुठलाही फिल्टर लागत नाही, ना डोळ्यांना, ना कॅमेऱ्याला. काळी काच लावली तर उरलासुरला प्रकाशही जातो. साधी काच असेल तर उजळ चंद्राचं उलटं भूत फोटोत उमटतं. खरा धोका पुढे आहे. नावात ‘ग्रहण’ आहे म्हणून कुणीतरी तीच काच सूर्यग्रहणाला लावेल. ती फेकून द्या, सूर्याकडे कधीही धरू नका.

ट्रायपॉडचं डोकं प्लास्टिकचं होतं. घट्ट पिळून हात काढला की चंद्र चौकटीतून खाली उतरायचा. कार्डावर २५६ लिहिलं होतं, आत जागा बरीच कमी. असं कार्ड भरल्याचं सांगत नाही, फाइली मुकाट बिघडत जातात. नवं कार्ड आधी पूर्ण भरा, कॉम्प्युटरवर सगळं परत वाचून बघा, मगच वापरा.

तपासणी पौर्णिमेला करू नका. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच असतं, त्यामुळे त्याच पंधरवड्यातली शुद्ध तृतीया-चतुर्थी साधारण अकरा-बारा दिवस आधी येते. त्या संध्याकाळी चंद्रकोरीच्या आतला, पृथ्वीवरून परतलेल्या प्रकाशात राखाडी दिसणारा भाग टिपा. खग्रासचा चंद्र साधारण असाच मंद असतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, आयएसओ १६०० पासून सुरुवात करा, आणि राखाडी भागातले काळे डाग वेगळे दिसेपर्यंत शटरची वेळ वाढवत जा. डाग दिसण्याआधीच कोरीची टोकं दुहेरी होऊ लागली, तर ती लेन्स ट्रॅकरशिवाय खग्रासच्या कामाची नाही. परत करायची मुदत या संध्याकाळनंतर संपेल अशाच बेताने खरेदी करा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. विकणाऱ्याकडे नमुना मागायचा तो खग्रासच्या फोटोच्या मूळ रॉ फाइलचा (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलचा).