आठ महिने एकच गेमिंग हेडसेट वापरल्यावर: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

हा हेडसेट घेतला त्याच आठवड्यात मी त्याचं भरभरून कौतुक लिहायला बसले होते. तेव्हा लिहून झालं नाही ते बरंच झालं. ज्या गोष्टींवर मी तेव्हा खूश होते त्यातली एकही आज माझ्या उपयोगाची नाही.

आधी माझा वापर सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. पीसीवर रोज दोन-तीन तास, सुट्टीला पाच. बहुतेक वेळ टीममध्ये खेळायचे शूटर गेम. डोळ्यांना चष्मा. हेडसेट बंद कपांचा, ५० मिलिमीटर ड्रायव्हरचा (म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर), २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीला लावायचा बिनवायरचा तुकडा), ब्लूटूथ आणि ३.५ मिलिमीटरची वायर असं तिन्ही असलेला. वजन ३४० ग्रॅम.

हा वजनाचा आकडा मी घेताना वाचलासुद्धा नव्हता. पहिला तास काही कळत नाही. दुसऱ्या तासाला टाळूवर एकाच जागी दाब यायला लागतो आणि तिसऱ्या तासाला चष्म्याच्या काड्या कानाच्या वरच्या बाजूला रुततात. त्यातही एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. जाड काडीमुळे गादी कानाभोवती नीट टेकत नाही, फट राहते, आणि त्या फटीतून खालचे, जड आवाज निसटतात. चष्मा काढला की स्फोट छातीत वाजल्यासारखा येतो, घातला की तोच पोकळ वाटतो. मी आता खेळायला बारीक, चपट्या काड्यांचा वेगळा चष्मा ठेवलाय. आवाजात तेवढ्याने जो फरक पडला तो कुठल्याही सेटिंगने पडला नव्हता.

गाद्यांचं दुखणं सहाव्या महिन्यात सुरू झालं. खेळून उठले की कानाच्या पाळीला आणि खांद्यावर काळे पापुद्रे चिकटलेले. नकली चामडं घाम आणि उष्णतेने असंच सुटतं, त्यात नवल नाही. पण कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, ही झीज आहे, वॉरंटीत बसत नाही, आणि सुट्ट्या गाद्या आम्ही विकत नाही. याचा मला खरंच राग आहे. आतलं सगळं ठणठणीत असताना एवढ्याशा फोमपायी अख्खा हेडसेट टाकायचा? शेवटी कप मोजून दुसऱ्या कुणाच्या मखमली गाद्या बसवल्या. कान आता तापत नाहीत. जड आवाज थोडे कमी झाले, ते इक्वलायझरमध्ये, म्हणजे जड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, उचलून घेतले. पुढच्या वेळी खोका उघडायच्या आधी एवढंच बघणार की गाद्या निघतात का आणि वेगळ्या मिळतात का.

आता आवाज. खोक्यावर ७.१ सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज, असं ठळक छापलेलं होतं आणि मी त्यालाच भुलले. प्रत्यक्षात एका कानाला एकच ड्रायव्हर आहे, बाकीच्या दिशांचा भास सॉफ्टवेअर घडवतं. असाच भास आजकाल बरेच गेम स्वतःच घडवतात. दोन्ही एकदम चालू ठेवलं की एका प्रक्रियेवर दुसरी चढते आणि आवाज धुरकट होतो. मी एकदा भावाला सरावाच्या नकाशात जिन्यावर चढ-उतर करायला लावलं आणि डोळे मिटून बोटाने दिशा दाखवत बसले. ७.१ चालू असताना डावं-उजवं कळत होतं, पण पुढे की मागे, वर की खाली, सगळा गोंधळ. ते बंद करून गेममधला हेडफोनचा पर्याय लावला तेव्हा क्वचितच चुकले. त्या रात्रीपासून ते बंदच आहे. ड्रायव्हरच्या मिलिमीटरचंही तसंच, मोठा म्हणजे चांगला असं काही नसतं. आणि माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेव्हा खोक्यावरच्या ४० किलोहर्ट्झसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

ब्लूटूथ गेमसाठी वापरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, धरली तर एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथचा आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो. गोळी दिसते आधी, ऐकू येते नंतर. वर माइक चालू केला की आवाजाचा दर्जा एकदम फोनच्या पातळीला येतो. डोंगलवर ही भानगड नाही. माझ्या डोंगलचा संपर्क सुरुवातीला मध्येच तुटायचा, कारण डोंगल कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टला होता आणि त्या पोर्टचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो. साधी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणला, त्यानंतर संपर्क एकदाही तुटला नाही. कन्सोलवाल्यांनी आणखी जपून घ्यावं: प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स, दोन्हींना ब्लूटूथ हेडसेट थेट जोडता येत नाही. कंट्रोलरची ३.५ मिलिमीटरची पिन मात्र दोन्हीकडे चालते.

माइकबद्दल टीममधली एक मैत्रीण म्हणायची, "अगं, विहिरीतून बोलतेयस का?" वायर लावली की तोच माइक पुष्कळ स्वच्छ येतो. माइकची जागाही महत्त्वाची. ओठांसमोर नको, तोंडाच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर. नाहीतर "पुढे", "पळ" म्हटलं की समोरच्याच्या कानात फट्ट होतं. जुन्या पीसीला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतील तर चार पट्ट्यांच्या पिनसाठी स्प्लिटर, म्हणजे आवाज आणि माइक वेगळे करणारी दुपदरी वायर, लागतो, तो सोबत आहे का बघा.

गेममध्ये शत्रूची पावलं ऐकायच्या नादात आवाज चढत जातो, हे मी स्वतःत पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलला. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. गेममध्ये रात्रीचा आवाज असा पर्याय असेल तर तो लावा. स्फोट दबतात, पावलं वर येतात, आणि आवाज चढवावा लागत नाही.

हात आखडता असेल तर वायरचा, हलका, दिव्यांशिवायचा हेडसेट घ्या. थोडे जास्त असतील तर मी साधा चांगला हेडफोन आणि वेगळा माइक घेईन. खोली शांत आणि एकटीची असेल तर उघड्या कपांचा, त्यात आवाज मोकळा लागतो. बिनवायरचं सुख सगळ्यात शेवटी. माझी बॅटरी आता आठवड्याऐवजी पाचच दिवस पुरते आणि ती बदलायची सोय नाही.

आणि परत करायची मुदत असेल तर त्याच दिवसांत एकदा सलग तीन तास घालून बसा, चष्मा असेल तर चष्म्यासकट. मी तेव्हा अर्ध्या तासात काढून ठेवला होता.