ड्युराफॅट व्हार्निश: नेगेवमधल्या बेदुईन शाळांसाठी कामाचं, पण चहा सांभाळा

दक्षिण इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात बेदुईनांच्या (वाळवंटात राहणाऱ्या अरब मुस्लिमांच्या) कित्येक वस्त्यांना सरकारी मान्यता नाही, त्यामुळे वीज नाही आणि पाणीही पुरेसं नाही. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दातांचे बहुतेक उपचार इस्रायलमध्ये मोफत आहेत, पण दवाखाना लांब. दात किडू नयेत म्हणून पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणंही २०१४ मध्ये थांबलं. अशा ठिकाणी शाळेतच दातांना लावता येणारं ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं हे ड्युराफॅट व्हार्निश फार सोयीचं. खुर्ची नको, कॉम्प्रेसर नको. कापूस, बारीक कुंचला आणि डोक्याला बांधायची बॅटरी एवढ्यावर भागतं.

आधी दात पुसून कोरडे करायचे, मग पातळ लेप. जाड थर दिला तर त्याचे पापुद्रे निघतात आणि मूल नखाने खरवडत बसतं. थुंकी लागली की लेप घट्ट होतो. प्रमाण मात्र चुकवू नका: नुसते दुधाचे दात असतील तर ०.२५ मिली, दुधाचे-कायमचे मिसळलेले असतील तर ०.४० मिलीपर्यंत. १० मिलीची ट्यूब २५ ते ४० मुलांना पुरते. थेट तोंडात पिळू नका. आधी थेंब मोजून काढा.

खरी अडचण पुढे येते. लेप लावल्यावर चार तास चावायचं नाही, ब्रश करायचा नाही, गरम प्यायचं नाही. आणि घरी पोचताच मुलाच्या हातात येतो तो साखरेचा कढत चहा! व्हार्निशमध्ये राळ असते, ती उष्णतेने मऊ होते आणि लेप सुटतो. सगळ्या दातांना लावायचं तर उपाशीपोटीही चालत नाही. म्हणून वेळ एकच: न्याहारीच्या सुट्टीनंतर लगेच. रमजानमध्ये शिबिर ठेवूच नका.

यात अल्कोहोलही असतं. हे पालकांना संमतिपत्रात अरबीतून आधीच सांगायला हवं. मागाहून कळलं तर विश्वास उडतो, आणि तो रास्तच. ज्या मुलांना दमा आहे, हिरड्यांना जखमा आहेत किंवा राळेची ॲलर्जी आहे, त्यांना लावू नये. दात दिवसभर पिवळट दिसतात, हेही आधीच सांगा.

खड्डा पडलेली दाढ याने भरत नाही. तिथे दवाखान्याची चिठ्ठी आणि जायला गाडी, दोन्ही द्यावी लागतात. आणि लेप वर्षातून निदान दोनदा लावणार असाल तरच ट्यूबा मागवा.