सहा महिन्यांनी पॅप की वर्षाने एचपीव्ही?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पॅप, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, केली. रिपोर्ट 'लो ग्रेड' (हलके बदल) आला, कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख दुर्बिणीतून बघणं) झाली, बायोप्सीत सीआयएन १, म्हणजे पेशींतले हलके बदल, निघाले. उपचार नको, नुसतं लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. ते कसं ठेवायचं, यात माझ्यापुढे दोन रस्ते होते: दर सहा महिन्यांनी पॅप, नाहीतर वर्षातून एकदा एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची चाचणी. अमेरिकेतल्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. एचपीव्ही जिथे वर्षाने पुरते, तिथे नुसती पॅप करायची तर ती सहा महिन्यांनी, कारण पॅपमधून बदल निसटण्याची शक्यता जास्त.

पॅपची बाजू लंगडी नाही. पैसे कमी लागतात, नमुना यावललाच देता येतो, जळगाव गाठावं लागत नाही. शिवाय पेशी आज कशा दिसताहेत ते कळतं. एचपीव्ही चाचणी विषाणू आहे की नाही एवढंच सांगते.

मला वैताग आणला तो पॅपच्या रिपोर्टातल्या 'इन्फ्लमेटरी' (सूज आहे) या शेऱ्याने. कॅन्सरचं काही नाही, पण अगदी साफही नाही. गोळ्या घ्या आणि पुन्हा या. पुन्हा यायचं म्हणजे पाळीचे दिवस टाळून, आधीचे दोन दिवस संबंध टाळून तारीख काढायची. ती नेमकी केळी कटाईच्या दिवशी पडते, गाडी भरायला उभी असते आणि जाऊबाई सगळ्यांदेखत विचारतात, "आता परत कशाले?" काय सांगणार? सहा महिन्यांची फेरी अशीच आठ-नऊ महिन्यांवर जाते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींनी तिथेच नाद सोडला.

एचपीव्हीत सूज असली तरी उत्तर सहसा हो किंवा नाही असंच येतं. तपासणी महाग खरी, पण बुडालेले दिवस धरले तर मला तरी फरक फारसा वाटला नाही. पॉझिटिव्ह आली तर मात्र पुन्हा कॉल्पोस्कोपी, आणि विषाणू संबंधातून येतो म्हणून नवऱ्याबद्दल नको ते विचार. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो, आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकलाच तरी त्यातून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे वर्षभर थांबायची मला भीती वाटली नाही.

हे हलक्या बदलांपुरतं. हाय ग्रेड (गंभीर बदल) असेल तर ही निवडच नसते. उपचारानंतर पहिली एचपीव्ही सहा महिन्यांनीच, मग सलग तीनदा निगेटिव्ह येईपर्यंत दरवर्षी, आणि पुढे किमान २५ वर्षं दर तीन वर्षांनी. वय पंचविशीच्या आत असेल किंवा एचआयव्ही असेल तर हिशोब आणखी वेगळा, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा.

सहा महिने खरंच पाळता येत असतील तर पॅपही चालेल. मी एचपीव्ही धरली, दिवाळी उरकली की जळगावला जाते. फक्त विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार रिपोर्टात वेगळे लिहून येतात का, ते लॅबला आधी विचारा. जास्त धोका त्याच दोघांचा.