मोजायचा टेप लावून दाखवा म्हणा, नाहीतर माझ्यासारखे ९,७०० जातील

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीपासून थोडं आत आमचं गाव. लग्नाचे फोटो काढतो, त्यावर घर चालतं. उरलेल्या वेळात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर पोटावर पडून अडई नावाची रानबदकं, बगळे, पहिल्या पावसातले मखमली किडे, श्रावणातले टेकोडे, म्हणजे रानातल्या अळंब्या, टिपतो. या फोटोंचे पैसे कोणी देत नाही, पण खर्च मात्र यांच्यावरच होतो.

पाखराच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवला की फोटोची जातच बदलते, म्हणून मला जमिनीला टेकणारा ट्रायपॉड हवा होता. लग्नाचा सीझन संपत आला होता आणि मृगाच्या आत वस्तू हाती पाहिजे होती. ही घाई विक्रेत्याला माझ्या बोलण्यातूनच कळली असणार.

मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये जाहिरात आली. कार्बन फायबर, १५ किलो भार, ‘ग्राउंड लेव्हल’, किंमत १८,०००, पण ‘तुमच्यासाठी’ ८,५००. सोबत व्हिडिओ, त्यात तिन्ही पाय आडवे पसरलेले आणि कॅमेरा गवताला टेकलेला. मी तो व्हिडिओ वीसेक वेळा बघितला असेल. ५,००० आधी पाठवले, माल निघाल्याचा फोटो आल्यावर ३,५००. माणूस गोड होता, दर वाक्याला ‘सर’. दुकान कुठे, विचारलं तर म्हणे, ‘गोडाऊन आहे सर, दुकान नाही.’ खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

ट्रायपॉड आला. अंगणात पाय पसरले, तर ज्यावर कॅमेरा बसतो तो मधला दांडा आधीच जमिनीला लागला! दांडा २८ सेंटिमीटरचा, वरचं, कॅमेरा वळवायचं बॉलहेड १० सेंटिमीटरचं, म्हणजे कॅमेऱ्याचा तळच ३८ सेंटिमीटरवर. भिंग जवळजवळ दीड फुटावर गेलं. टेकोडा असतो चार बोटं उंच. पाय कितीही पसरा, मधला दांडा लांब असेल तर कॅमेरा खाली जाणारच नाही. हे साधं गणित मी विकत घेताना केलं नाही.

दांडा उलटा घालून कॅमेरा पायांच्या मधे लोंबकळवता येतो, तेही करून पाहिलं. कॅमेरा उलटा, बटणं उलटी, आपल्या डोक्याला ट्रायपॉडचे पाय आडवे. थांबलेल्या टेकोड्यासाठी चालेल, अडईसाठी नाही. अडई तुमची वाट बघत नाही.

विक्रेत्याला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. ‘सर, व्हिडिओत शॉर्ट कॉलम आहे, म्हणजे आखूड दांडा, तो वेगळा येतो. १,२०० पाठवा, उद्याच काढतो.’ आणि मी पाठवले. लाज वाटते ती याच १,२०० ची. पहिले पैसे फसवून नेले म्हणता येईल, हे तर मी हाताने दिले.

आठवड्याने आला तो नळीचा एक तुकडा, ट्रायपॉडच्या खाचेत गरागरा फिरणारा. फोन केला तर नंबर बंद, ग्रुपमधूनही गायब.

मग गावातल्या वेल्डिंगवाल्या दादाकडे गेलो, म्हटलं मूळ दांडाच कापून आखूड करू. त्याने हॅक्सॉ चालवली आणि हसायला लागला. काळ्या जाळीच्या नक्षीखाली पांढराशुभ्र ॲल्युमिनियम. कार्बनच्या ट्रायपॉडलाही कधी कधी मधला दांडा ॲल्युमिनियमचा असतो, म्हणून पायाचं लॉक पूर्ण सोडून आतली नळी बाहेर ओढली. तिची कडही चांदीसारखी. खऱ्या कार्बनची नळी कडेलाही काळीच असते. मे महिन्याच्या उन्हात त्या ‘कार्बन’वर फुगे का आले होते, ते तेव्हा उमगलं. स्टिकर होता! १५ किलोचं म्हणाल तर दीड किलोच्या कॅमेरा-लेन्सनेच बॉलहेड मान टाकत होतं. हा आकडा कंपन्या आपापल्या हिशोबाने छापतात, त्यावरून स्थिरता कळत नाही.

घरी सांगितलं तर माय एवढंच म्हणाली, “काहून पैसे डुबवले गा?”

सायबर फसवणुकीसाठी १९३० वर तक्रार केली, पण सोळा दिवसांनी. पैसे पुढे सरकायच्या आत, म्हणजे पहिल्या काही तासांत फोन केला तर ते अडवता येण्याची आशा असते. मी मात्र शॉर्ट कॉलमची वाट बघत बसलो होतो. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे होता बंद नंबर. बिल मागितलं असतं तर निदान काही हाती राहिलं असतं.

सध्या काम चालतं ते घरच्याच सामानावर. जुन्या तव्याच्या मधोमध भोक पाडून तीन सुती बोल्ट बसवला, त्यावर जुनं बॉलहेड. तवा चिखलात रुतत नाही, पोटावर पडून पुढे ढकलत न्यायचा. बॉलहेड नसेल आणि थेट कॅमेराच बसवायचा असेल तर बोल्ट दोन सुती लागतो, म्हणजे पाव इंची, इंचाला २० आटे. हार्डवेअरवाला सहा एमएमचा देईल, तो बसल्यासारखा वाटतो पण ढिला राहून कॅमेऱ्याचे आटे खातो. दुसरी वस्तू कॅमेरा टेकवायला जुन्या जीन्सची पिशवी. त्यात आधी लाखोरीचे दाणे भरले होते, एका पावसात भिजले आणि चौथ्या दिवशी शिवणीतून कोंब बाहेर! आता सरकी भरतो, हलकी आहे, पण तीही कोरडीच ठेवावी लागते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपमध्ये तोच व्हिडिओ आला, तेच गवत, नंबर नवा. मी लिहिलं, “भाऊ, आत्ता व्हिडिओ कॉल करा, पाय पसरा आणि कॅमेऱ्याखाली टेप लावून दाखवा.” निळ्या टिका आल्या. पाच मिनिटांनी मला त्या ग्रुपमधून काढलं.