वस्तऱ्याने दाढी सुरू करताय? आधी धारेची सोय बघा, मग वस्तरा घ्या

घरी वस्तऱ्याने दाढी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी वस्तरा निवडत बसतात, मूठ शिंगाची घेऊ की लाकडाची, पातं दमास्कसचं (लाटांच्या नक्षीचं स्टील) घेऊ का, आणि मुख्य प्रश्न राहूनच जातो की याला धार कोण लावणार. पुण्यात आज हाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे. पूर्वी सलूनवाल्या काकांच्या धोकटीत दगड, चामड्याचा पट्टा सगळं असायचं. मग एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी च्या भीतीने सगळीकडे अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला, आणि ते योग्यच झालं, एकाच्या चेहऱ्यावर फिरलेलं पातं दुसऱ्याला लावूच नये. पण त्यामुळे धार लावणारा हातच कमी झाला. म्हणून हा रिव्ह्यू मी धारेच्या हिशोबाने लिहितोय, दिसण्याच्या नाही.

पहिली खरेदी म्हणून मी डोळे झाकून ब्लेडचा वस्तरा सांगेन. मी पार्कर एसआर १ वापरतो. अख्खा स्टेनलेस स्टीलचा, वजनाला चांगला, यात आपलं नेहमीचं दोन धारांचं ब्लेड अर्धं करून बसवायचं. ब्लेड कागदातून काढायचंच नाही, कागदासकट लांबीत दुमडायचं, कट्ट आवाज येतो आणि सरळ दोन तुकडे होतात, बोटाला धार लागायचा प्रश्नच नाही. मग पात्याचा चिमटा बाजूला उघडायचा, अर्धं ब्लेड आत ठेवायचं, बंद करायचं. इथे दहा सेकंद जास्त द्या. उजेडात धरून बघा ब्लेड दोन्ही टोकांना सारखंच बाहेर आलंय का, कारण एक कोपरा जरी जास्त बाहेर राहिला तर कानाजवळ आणि हनुवटीच्या वळणावर तो हमखास लागतो. बाजारात यापेक्षा बरेच स्वस्त पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच वस्तऱ्यांत ब्लेड किंचित हलतं, आणि गळ्यावर हलणारं ब्लेड मला तरी चालत नाही. ब्लेड कुठलं? सेव्हन ओ क्लॉकपासून सुरू करा, किराणा दुकानातसुद्धा मिळतं. जपानी फेदरची तारीफ सगळे करतात आणि ती खरी आहे, पण ते फारच धारदार आहे, हात बसेपर्यंत लांब ठेवा.

एक सांगायलाच पाहिजे, ब्लेडचा वस्तरा आणि खरा वस्तरा, म्हणजे ज्याच्या अखंड पात्यालाच धार लावतात तो, हातात सारखे लागत नाहीत. अर्धं ब्लेड साधारण ४३ मिलिमीटर लांब, खऱ्या वस्तऱ्याची धार तीन इंचाच्या आसपास. ब्लेड अगदी पातळ आणि त्याचे कोपरे टोकदार, त्यामुळे चूक झाली की लगेच कापतं, खरा वस्तरा त्यामानाने खूप समजूतदार आहे, चेहऱ्यावर मऊ चालतो. म्हणजे आधी अवघड गोष्ट शिकायची आणि मग सोपी, असं उलटं होतं हे मान्य. तरी मी ब्लेडवालाच आधी सांगतो कारण त्यात धारेची काळजी शून्य. त्वचा ताणून धरणं, पातं तीसेक अंशात ठेवणं, दाब न देणं, डावा हात वापरणं हे सगळं यावर शिकून होतं, आणि महिनाभराने कंटाळा आला तर खिशाला फार चाट बसत नाही.

आता खरा वस्तरा. जर्मनीतल्या सोलिंगनचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तिथली डोव्हो कंपनी १९०६ पासूनची, फ्रान्सच्या तिएर गावचे तिएर इसार पण उत्तम. नवशिक्याने ५/८ माप घ्यावं, म्हणजे पात्याची रुंदी इंचाचे पाच अष्टमांश, साधारण १६ मिलिमीटर. नाकाखाली सहज वळतो. टोक गोल असलेलाच घ्या, चौकोनी टोक मिशीच्या कडा कोरायला छान आहे पण नव्या हातात ते कानाच्या पाळीला लागतं. हे वस्तरे बाहेरून मागवले की कस्टम धरून आकडा बराच वर जातो, ते बजेट आधी ठरवा.

गोल्ड डॉलर नावाचा चिनी वस्तरा खूप स्वस्त म्हणून पुष्कळ जण घेतात. स्टील वाईट नाही, पण घडण ओबडधोबड, टाचेकडचा, म्हणजे पात्याच्या मुठीजवळच्या टोकाचा, जाड भाग दगडाला आधी टेकतो आणि धार सलग बसत नाही, तो घासून कमी करावा लागतो. ज्याला दगडावर काम करायची आवड आहे त्याला मजा येईल, ज्याला उद्या सकाळी दाढी करायचीये त्याने घेऊ नये.

आणि त्या लाकडी पेटीतल्या कीटबद्दल, ज्यात वस्तरा, पट्टा, ब्रश, वाटी सगळं मिळतं. माझ्या मित्राने असं एक एका वेबसाइटवरून मागवलं, पातं चकचकीत, मुठीवर नक्षी, आणि हातावरचा केससुद्धा कापेना. काचेवर आडवा ठेवला तर पातं डुगडुगत होतं, म्हणजे मुळात वाकडं. अशा पात्याला कोणीही सलग धार लावू शकत नाही. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, हा दाढीला तयार करून देता का, म्हणजे माणसाने दगडावर बसून शेवटची धार लावलेली आहे का. उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या.

पुण्याच्या जुन्या बाजाराचं बरेच जण विचारतात. रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात तर लोखंडी सामानाच्या ढिगात कधीकधी जुना सोलिंगन किंवा इंग्लंडच्या शेफिल्डचा वस्तरा दिसतो. वरचा गंज निघतो, त्याला घाबरू नका. बघायचं ते धारेच्या काठाला. तिथे खड्डे पडलेले असतील, बारीक चीर असेल किंवा धार मध्यभागी आत गेलेली असेल तर कितीही स्वस्त असला तरी नको. धार किंचित बाहेर फुगलेली असेल तर चालते. पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, दोन्ही बाजूंनी सारखी झिजलीये का तेही बघा, कारण दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवूनच वस्तरा घासतात आणि कोन त्या पाठीवरच ठरतो.

पट्ट्यावर मात्र कंजुषी करू नका. अडीच किंवा तीन इंच रुंद, एक बाजू चामड्याची आणि एक जाड कापडाची असा घ्या. कीटमधले पट्टे अरुंद आणि आखूड असतात, त्यावर पातं मावत नाही. आमच्या शनिवार पेठेतल्या सलूनमधले काका अजून स्वतःच्या दाढीला जुना वस्तरा वापरतात, त्यांनी माझा हात धरून दाखवलं. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, दुसरं टोक ताणून धरलं आणि म्हणाले, "अहो, ढिला सोडू नका, ढिला पट्टा धार गोल करतो." वस्तरा आडवा टेकवायचा, पाठ पुढे आणि धार मागे, सरकवत न्यायचा, शेवटाला पाठीवरच पलटी मारायची आणि परत यायचं. धारेवर पलटी मारली की पट्टा कापला आणि धारही गेली. आधी कापडावर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक, दर दाढीच्या आधी. त्यांचा हात भरभर चालतो, आपण सावकाश करायचं, वेगाने काही मिळत नाही. बरोबर बसलं की पट्ट्यावरचा आवाज एकसारखा येतो, मधेच खरखरला तर समजा पाठ उचलली गेली.

पट्टा धार सरळ करतो, नवी लावत नाही. काही महिन्यांनी पातं ओढायला लागलं की दगड लागतोच. पूर्ण काम करायचं तर १००० नंबरच्या दगडाने कड पाडणं, मग ४००० आणि ८०००, शेवटी १२००० असा भरड ते बारीक दगडांचा प्रवास आहे आणि चांगले दगड महाग पडतात. माझा सल्ला, तयार धारेचा वस्तरा घ्या, सोबत हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावलेली सपाट लाकडी पट्टी ठेवा, अधूनमधून त्यावर हलक्या हाताने फिरवा, दगडाची वेळ बरीच लांबते. पेस्ट रोजच्या चामड्यावर मात्र फासू नका. आणि कृपा करून सायकलवर चाक घेऊन सोसायटीत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. सुऱ्या-कात्र्यांना ते ठीक आहे, पण त्या चाकाच्या उष्णतेने पातळ पात्याचं पाणी उतरतं आणि मग ते कायमचं गेलं.

साबण-ब्रशचं फार डोक्याला लावून घेऊ नका. गोदरेज किंवा ओल्ड स्पाइसची ट्यूब पुरेशी आहे, फक्त फेस नेहमीपेक्षा ओला ठेवा, पातं घसरलं पाहिजे. पालिकेचं पाणी असेल तर फेस चटकन होतो, बाहेरच्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं असेल तर क्रीम थोडं जास्त घ्या. सुरुवातीला फक्त गाल आणि फक्त सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेने, बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने. उलटा हात महिन्याभराने. तुरटीचा खडा जवळ असू द्या, ओला करून फिरवला की बारीकसारीक रक्त थांबतं.

शेवटचं पावसाळ्याचं. खऱ्या वस्तऱ्यांचं स्टील बहुतेक कार्बनचं, जून ते सप्टेंबर पुण्याच्या बाथरूममध्ये ठेवलंत तर धारेवर तपकिरी ठिपके आलेच समजा. दाढी झाली की पातं पुसा, मुठीच्या फटीत शिरलेलं पाणीही टिपून घ्या, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवा आणि बेडरूमच्या कपाटात वरच्या खणात ठेवा, जिथे पोरांचा हात पोचणार नाही.