उतारावरचा आबेल गान्स: 'ला तूर द नेल' बघावा की 'ऑस्टरलिट्झ'?

फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्सचा मूकपट 'नेपोलियन' (१९२७) बघून भारावलेला माणूस पुढे त्याचे बोलपट शोधायला लागतो आणि तिथेच फसतो. कॅमेरा घोड्याच्या पाठीवर चढवणारा, शेवटी तीन पडदे शेजारीशेजारी उघडणारा हा गडी बोलपटांच्या काळात बरेचदा निर्मात्यांनी पुढ्यात टाकलेल्या पोशाखी कथांवरच दिवस काढत होता. १९४३ नंतर तर बारा वर्षं त्याच्या हाताला पूर्ण लांबीचा चित्रपट लागला नाही. त्यानंतरच्या दोनांतून एक निवडायचा तर नावावर भुलू नका.

'ऑस्टरलिट्झ' (१९६०) ची श्रेयनामावली म्हणजे ऑर्सन वेल्स, क्लाउदिया कार्दिनाले, व्हित्तोरिओ दे सिका, जॅक पॅलन्स. वर नेपोलियनवर सहा चित्रपट काढायचा बेत पहिल्यावरच अडला होता, म्हणून तेहेतीस वर्षांनी गान्स त्याच नायकाकडे वळतोय याचंही अप्रूप. पण पूर्वार्ध सगळा दिवाणखान्यात. वेल्सने रंगवलेला अमेरिकी संशोधक फुल्टन नेपोलियनकडे आपल्या बोटीची योजना घेऊन येतो, नकार घेऊन जातो. लग्नात आहेराचं पाकीट देऊन न जेवता निघालेल्या पाहुण्यासारखा. नावातली ऑस्टरलिट्झची लढाई उत्तरार्धात. रंग आहे, रुंद पडदा आहे, फौज आहे. पण १९२७ मध्ये शाळकरी पोरांच्या बर्फगोळ्यांच्या मारामारीत जी झिंग होती, ती इथे नाही. आणि बसायचं पावणेतीन तास!

'ला तूर द नेल' (१९५५) कडून कुणाची काही अपेक्षाच नसते, हे त्याच्या पथ्यावर पडतं. मूळ नाटक अलेक्सांद्र द्यूमाचं, १८३२ चं. राणी मार्गरीत सीनकाठच्या बुरुजात रात्री तरुणांना बोलावते, पहाटे त्यांची प्रेतं नदीत. बुरिदाँ तेवढा वाचतो, आणि तो निघतो तिचाच जुना प्रियकर. पटण्यासारखं यात काही नाही, पण गान्सला त्याची लाज वाटत नाही. पियेर ब्रासरचा बुरिदाँ तर पल्लेदार वाक्यं चवीचवीने फेकतो. तेव्हा तरुण समीक्षक असलेल्या फ्रान्स्वा त्रुफोने हा गान्सचा सर्वांत कमी चांगला चित्रपट असेल हे मान्य करूनही त्यात प्रतिभा पाहिली होती. मी इतका पुढे जाणार नाही. पण या दोघांत मी हाच घेईन: स्वतःच्याच जुन्या चित्रपटाचं ओझं याच्या मानेवर नाही.

१९६४ चा 'सिरानो ए दार्तान्याँ' पद्यसंवादांची हौस असेल तरच.

आणि १९३६ चा बीथोवनवरचा चित्रपट मिळाला तर हे सगळं बाजूला ठेवून तो आधी लावा. प्रेमकथा रडकी आहे, सोसा. हॅरी बॉरचा बीथोवन बहिरा होतो तिथवर थांबा. लोहाराचा हातोडा पडतो, धोबिणी कपडे आपटतात, घंटा हलतात, आणि पडद्यावर चकार आवाज नाही.